मुरूम: कारणे, ओळख आणि उपचार (अहेरी परिसरातील वाचकांसाठी प्रस्तावना)

मुरूम हा केसाच्या मुळाशी जोडलेल्या तैलग्रंथीचा विकार आहे. तळहात आणि तळपाय सोडले तर या ग्रंथी अंगावर जवळजवळ सगळीकडे असतात. पण चेहरा, छाती, पाठ आणि खांदे येथे त्या सर्वांत मोठ्या आणि दाट असतात, म्हणून मुरूमही तिथेच येतात. ग्रंथीत तयार होणारा तेलकट स्राव, म्हणजे सेबम, केसाच्या नळीतून वर येऊन त्वचेवर पसरतो. बालपणी या ग्रंथी जवळपास निष्क्रिय असतात. वयात येताना अँड्रोजेन गटातली संप्रेरके मुलांत वाढतात, तशी मुलींतही वाढतात आणि ग्रंथी मोठ्या होऊन भरपूर तेल सोडू लागतात. मुरमांची सुरुवात इथून होते.

नुसत्या तेलाने मात्र मुरूम येत नाही. नळीच्या तोंडाशी असलेल्या मृत पेशी एरवी सुट्या होऊन गळून जातात. मुरमांची प्रवृत्ती असलेल्या त्वचेत त्या एकमेकींना चिकटतात आणि नळीला बूच बसतो. बुचामागे तेल साचते. प्राणवायू कमी असलेल्या त्या जागी क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जीवाणू वाढतो. (२०१६ पर्यंत तो प्रोपिओनिबॅक्टेरियम ॲक्नेस या नावाने ओळखला जाई; जुन्या पुस्तकांत तेच नाव आढळते.) तेलाचे विघटन करून तो दाहक पदार्थ तयार करतो, शरीराची संरक्षक यंत्रणा त्यावर धावून येते, आणि लाली, सूज, पू ही तिच्या लढाईची खूण असते. जीवाणू निरोगी चेहऱ्यावरही असतोच. त्यामुळे मुरूम एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत. वसतिगृहात मुरूम असलेल्या मुलीची बादली वेगळी ठेवण्याला कसलाही आधार नाही.

बूच बंद राहिला तर त्वचेखाली बारीक पांढरा दाणा दिसतो, तोंड उघडे राहिले तर काळा. हा काळेपणा मळाचा नसून त्वचेतले रंगद्रव्य आणि तेल यांचा हवेशी संयोग होऊन आलेला असतो. साबणाने तो जात नाही. घासून काढायला जावे तर त्वचा सोलते आणि दाह वाढतो. पुढच्या पायरीवर लाल पुटकुळ्या, मग पिवळ्या तोंडाचे पुवाचे फोड, आणि तीव्र प्रकारात खोलवरच्या दुखऱ्या गाठी येतात. नळीची भिंत त्वचेच्या आत फुटली की गाठ होते, आणि कायमचे खड्डे बहुधा या गाठींमागून राहतात. दाबून पू काढताना नेमकी हीच भिंत फुटते.

१२ ते २४ वयोगटातल्या सुमारे ८५ टक्के लोकांना कमीअधिक मुरूम येतात. २०१०च्या जागतिक रोगभार अभ्यासात सर्व वयांच्या लोकसंख्येत त्याचे प्रमाण ९.४ टक्के भरले आणि जगातल्या सर्वाधिक आढळणाऱ्या विकारांत त्याचा क्रम आठवा लागला. मुलींना ते लवकर सुरू होतात, मुलांत अधिक तीव्र असतात, आणि काही स्त्रियांत तिशी-चाळिशीपर्यंत टिकतात. आईवडिलांना तीव्र मुरूम असतील तर मुलांना ते होण्याचा संभव वाढतो. जुळ्यांच्या अभ्यासातून तर प्रवृत्तीचा सुमारे चार-पंचमांश वाटा आनुवंशिक असल्याचे दिसले. घराघरांत मात्र दोष रक्तातल्या उष्णतेला, अस्वच्छतेला किंवा मुलाच्या मनात काय चालले आहे त्याला दिला जातो. यातला शेवटचा आरोप सर्वांत निराधार असून सर्वांत जास्त दुखावणारा आहे.

वयाशी असलेला संबंध प्राचीनांच्या ध्यानात आला होता. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या या पिटिकांचे वर्णन असून त्यांना काटेसावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. आलापल्लीच्या जंगलात काटेसावरीचे खोड पाहिलेल्या कोणालाही ही उपमा समजावून सांगावी लागत नाही: रुंद बूड, टोकदार माथा. कारणमीमांसेत कफ, वात आणि रक्त यांच्या दोषाची भाषा आहे. संप्रेरकांचा शोध लागायला त्यानंतर कित्येक शतके जावी लागली.

अहेरी तालुका गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागात, प्राणहितेच्या काठी आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी हा जिल्हा वेगळा होण्यापूर्वी तो चंद्रपूर जिल्ह्याचा भाग होता. नदीपलीकडे तेलंगणा, बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी आणि माडिया या चारही भाषा कानावर येतात. उन्हाळा कडक, पावसाळा भरघोस, आणि दोहोंच्या मध्ये कित्येक आठवडे नुसता दमट उकाडा. घामाने आणि दमटपणाने केसनळीच्या तोंडाची त्वचा फुगते, तोंड आणखी अरुंद होते, आणि आधीचे मुरूम भडकतात. दुसऱ्या महायुद्धात उष्ण कटिबंधात लढणाऱ्या सैनिकांच्या पाठीवर आणि छातीवर असे तीव्र मुरूम दिसले आणि त्यांच्या या प्रकाराची वैद्यकात स्वतंत्र नोंद झाली. घट्ट गणवेशाची कॉलर, डोक्याला बांधलेले फडके, हेल्मेटचा पट्टा, डोक्यावरच्या भाऱ्याची चुंबळ, अशा घासणाऱ्या गोष्टी त्या त्या जागी भर घालतात.

केसांना चोपडलेले तेल हे दुसरे स्थानिक कारण. कपाळावर आणि कानशिलांवर, केसांच्या रेषेला धरून एकसारखे बारीक दाणे दिसले तर आधी तेलाची चौकशी करावी. प्लेविग, फुल्टन आणि क्लिगमन यांनी १९७० मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांत केसांना लावायच्या पोमेडमुळे येणारे हेच चित्र वर्णिले होते. इकडे पोमेडच्या जागी खोबरेल असते, काही घरांत मोहाच्या बियांचे, म्हणजे टोळीचे तेल. थंडीत गोठण्याइतके ते जड असते. तेल सोडायचे नाही, कपाळावर उतरू द्यायचे नाही. शाळेच्या आदल्या रात्री लावून सकाळी धुणे पुरते.

आहाराचा प्रश्न यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. १९६९ मध्ये फुल्टन, प्लेविग आणि क्लिगमन यांनी ६५ जणांना, त्यात ३५ कैदी होते, चॉकलेट खायला घालून मुरमांत फरक पडत नाही असा निष्कर्ष काढला आणि 'खाण्याचा संबंध नाही' हे वाक्य पुढची तीस वर्षे पाठ्यपुस्तकांत राहिले. तुलनेसाठी दिलेल्या वडीतही साखर आणि चरबी जवळपास तेवढीच होती, हे लक्षात घेतले तर तो निष्कर्ष किती लंगडा होता ते कळते. २००२ मध्ये लॉरेन कॉर्डेन आणि सहकाऱ्यांनी पापुआ न्यू गिनीतील किटावा बेटावरच्या १,२०० आणि पाराग्वेतील आचे या वनवासी समाजातल्या ११५ लोकांची तपासणी प्रसिद्ध केली. एकाही माणसाला मुरूम नव्हता. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात ४३ तरुणांवर १२ आठवडे प्रयोग झाला. रक्तातली साखर झपाट्याने चढवणारे पदार्थ ज्यांनी कमी केले, त्यांचे मुरूम इतरांपेक्षा अधिक घटले. इन्सुलिन वाढले की अँड्रोजेनचा आणि तैलग्रंथीचा जोर वाढतो, हे त्यामागचे कारण मानले जाते. दुधाचा, विशेषतः साय काढलेल्या दुधाचा, संबंधही काही पाहण्यांत दिसला, पण तो दुबळा आहे.

यावरून 'जंगलातला माणूस जुने अन्न खातो म्हणून त्याची त्वचा नितळ' असा सोपा अर्थ काढण्याचा मोह होतो. तो टाळावा. किटावाचे लोक कंदमुळे आणि मासे खात. अहेरीच्या ताटात पॉलिश केलेला भात आहे, जो स्वतःच साखर वेगाने चढवतो. आनुवंशिक फरकही विसरता येत नाही. एवढे खरे की आठवडी बाजारात बिस्किटे, कुरकुरे आणि शीतपेये यांनी जी जागा घेतली आहे ती मुरमांच्या दृष्टीने वाईटच आहे. तेल-तिखट, शेंगदाणे आणि आंबा यांच्याविरुद्ध मात्र भक्कम पुरावा नाही. आधीच कुपोषण आणि रक्तक्षय असलेल्या भागात मुरमांसाठी मुलीचे दाणे-अंडी तोडणे हा उपचार नव्हे, अपकार आहे.

उपचाराआधी ओळख पटली पाहिजे, आणि चंद्रपूर-गडचिरोलीत हा भाग पुण्या-मुंबईपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. घामोळे खाजते आणि थंडाव्याने एक-दोन दिवसांत ओसरते. केसनळीतल्या बुरशीचे दाणे सगळे एकाच आकाराचे, खाजरे, कपाळ आणि छातीवर दाटलेले असतात. त्यांत काळे-पांढरे बूच नसतात आणि मुरमांवरच्या प्रतिजैविकांनी ते वाढतात. औषधांनी येणारे दाणेही असेच अचानक आणि एकसारखे उगवतात. स्टेरॉइडच्या गोळ्या, फेफऱ्यावरचे फेनिटॉइन, आणि क्षयरोगाच्या उपचारातले आयसोनियाझिड ही त्यांतली परिचित नावे. क्षयाचे औषध घेणाऱ्या रुग्णाने दाणे दिसताच गोळ्या बंद करण्यापेक्षा धोक्याचे काही नाही. दाखवावे, पण औषध चालू ठेवावे.

सर्वांत गंभीर गफलत कुष्ठरोगाशी होते. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले, ते याच प्रदेशात. देशपातळीवर हा आजार २००५ अखेर दहा हजारांत एकाच्या खाली आला, तरी पूर्व विदर्भात नवे रुग्ण अजून सापडतात. त्याच्या एका प्रकारात चेहऱ्यावर आणि कानाच्या पाळ्यांवर तकतकीत गाठी येतात. त्या दुखत नाहीत, त्यांत पू किंवा बूच नसतो, भुवयांचे बाहेरचे केस विरळ होतात, अंगावर कुठे बधिर चट्टा असतो, हातापायांना मुंग्या येतात. मुरूम कानाच्या पाळीला जाड करत नाही आणि त्वचा बधिर करत नाही, एवढे दोन निकष आरोग्यसेविकेला पुरतात. शंका आली तर तपासणी आणि बहुविध औषधोपचार सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतो, सहा महिने किंवा वर्षभर. वेळेत घेतला तर व्यंग येत नाही. याची उलट बाजूही आहे. साध्या मुरमांच्या गाठी असलेल्या पोराकडे गावाने संशयाने पाहणे हेही या प्रदेशातच घडू शकते, आणि तेही याच दोन निकषांनी थांबवता येते.

मुलीला मुरमांबरोबर पाळी दोन-दोन महिने न येणे, हनुवटीवर दाट केस, वजन वाढणे अशी लक्षणे असतील तर बीजकोशांच्या विकाराचा, पीसीओएसचा, विचार करावा लागतो. हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारले जात नाही. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेली पाहणी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, पण त्यासाठी आधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. चेहऱ्यावरचे मुरूम ही लाज न वाटता दाखवता येणारी तक्रार आहे. त्या निमित्ताने पाळीची चौकशी सहज करता येते.

आता मुरमांपेक्षा जास्त नुकसान करणाऱ्या गोष्टीकडे. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणारी, दोन-चार दिवसांत चेहरा उजळवणारी क्रीमची ट्यूब बहुतेक वेळा स्टेरॉइडची असते: बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन, सोबत कधी हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. या मिश्रणाचे मूळ क्लिगमन आणि विलिस यांच्या १९७५च्या सूत्रात आहे. पण ते सूत्र वांगाच्या डागांसाठी, देखरेखीखाली वापरायचे होते. मुरमांवर लावले की स्टेरॉइड लाली दाबते, म्हणून गुण आल्यासारखा वाटतो. काही आठवड्यांनी त्वचा पातळ होते, केशवाहिन्या दिसू लागतात, गालावर केस वाढतात, ऊन सोसत नाही, आणि स्टेरॉइडचे स्वतःचे मुरूम येतात. क्रीम थांबवली की आग होते, चेहरा लाल होतो, म्हणून ती पुन्हा लावली जाते. देशातल्या १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या विकारांचे २,९२६ रुग्ण तपासलेली एक पाहणी २०११ मध्ये त्वचारोगतज्ज्ञांच्या भारतीय नियतकालिकात आली. त्यांतले ४३३, म्हणजे सुमारे १५ टक्के, असली क्रीम वापरत होते आणि निम्म्याहून अधिक जणांना ती डॉक्टर नसलेल्या कोणीतरी सुचवली होती. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमांची सवलत काढून ती चिठ्ठीवरच विकण्याचा नियम केला. नियम दुकानापर्यंत किती पोचला हे कुठल्याही बसस्थानकाजवळ ट्यूब मागून पाहिले की समजते. गोरेपणाची हाव नसती तर ही ट्यूब खपलीच नसती. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेच्या लोकांना आपला रंग हाच आजार वाटायला लावणाऱ्या जाहिरातींचा यात मोठा वाटा आहे.

घरगुती उपायांत सगळेच सारखे नाहीत. हळद, मुलतानी माती, दुधात वाटलेली चारोळी यांनी मुरूम बरे होत नाहीत, पण सहसा अपायही होत नाही. लिंबाचा रस लावून उन्हात जाण्याने त्वचा भाजून काळे डाग पडतात. टूथपेस्टने आग होते. बिब्बा तर चेहऱ्याच्या जवळही आणू नये. त्याच्या तेलाने फोड उठतात आणि तोंड सुजते.

सौम्य मुरमांचा उपचार दोन औषधांत मावतो. बेंझॉइल पेरॉक्साइड जीवाणू मारते आणि त्याला प्रतिरोध तयार होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत ते आहे. अडीच टक्क्यांचे जेल पाच किंवा दहा टक्क्यांच्या जवळपास तितकेच काम करते आणि कमी झोंबते. कपडे आणि उशीचा अभ्रा त्याने विटतो, हे आधी सांगितलेले बरे. दुसरे ॲडापालिन ०.१ टक्का: ते बूच तयार होऊ देत नाही. ट्रेटिनॉइनही त्याच कुळातले. क्लिगमन यांनीच ते १९६९ मध्ये मुरमांसाठी पुढे आणले. ही औषधे एकेका फोडावर नाही, तर मुरूम येणाऱ्या सगळ्या भागावर, धुतलेल्या आणि पूर्ण कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढी घेऊन रात्री लावतात. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड. सुरुवातीला त्वचा कोरडी पडून सोलते, कधी मुरूम वाढल्यासारखे दिसतात. फरक कळायला आठ ते बारा आठवडे लागतात, आणि बहुतेक लोक तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात. उपचार फसण्याचे सर्वांत सामान्य कारण हेच. चेहरा दिवसातून दोनदा साध्या सौम्य साबणाने धुणे पुरे. गर्भवतीने ॲडापालिन आणि ट्रेटिनॉइन वापरू नये. तिच्यासाठी ॲझेलेइक ॲसिड सुरक्षित आहे.

पुवाचे फोड जास्त असतील तर डॉक्टर क्लिंडामायसिनचे जेल किंवा डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात. प्रतिजैविक एकटे कधीच देऊ नये. सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड हवेच, नाहीतर प्रतिरोधक जीवाणू तयार होतात. गोळ्या साधारण तीन महिन्यांपर्यंत. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यावी, घेऊन लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेत व्रण होतो. तिने त्वचेला ऊनही जास्त लागते. एप्रिल-मेमध्ये तेंदूपाने तोडायला दिवस दिवस उन्हात असणाऱ्या माणसाला ती देताना हा प्रश्न विचारलाच पाहिजे. शक्य असेल तर हंगाम संपल्यावर सुरू करावी. गर्भवतीला आणि आठ वर्षांखालील मुलांना ती देत नाहीत.

खोल गाठी आणि खड्डे पडणाऱ्या मुरमांवर आयसोट्रेटिनॉइन हे सर्वांत प्रभावी औषध. अमेरिकेत १९८२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. ग्रंथी आकसतात, आणि एका पूर्ण क्रमानंतर पुष्कळांना मुरूम पुन्हा येत नाहीत. ओठ फुटतात, रक्तातली चरबी आणि यकृत तपासावे लागते. त्याचा एक दुष्परिणाम बाकी सर्वांहून मोठा आहे: गर्भात गंभीर व्यंग. म्हणून उपचाराआधी महिनाभर, उपचार चालू असताना आणि संपल्यावर महिनाभर स्त्रीला गर्भधारणा होऊ नये याची खात्री करूनच ते देतात. डॉक्सिसायक्लिनबरोबर ते घेऊ नये. मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो. उरलेल्या गोळ्या दुसऱ्या कोणाला देणे तर नाहीच.

मुरूम गेल्यावर उरणारे काळे डाग हे खड्डे नव्हेत. सावळ्या त्वचेत दाह ओसरल्यावर रंगद्रव्य मागे राहते, काही महिने ते वर्षभर, आणि उन्हापासून जपले तर बहुधा आपोआप फिकटते. खड्डे जात नाहीत, त्यांवर शस्त्रक्रिया किंवा लेझर शहरातच. उपचार लवकर सुरू करण्याचा अर्थ एवढाच की खड्डे पडूच देऊ नयेत.

सौम्य मुरूम अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सांभाळता येतात. त्वचारोगतज्ज्ञासाठी गडचिरोली किंवा चंद्रपूर गाठायचे तर शंभर किलोमीटरच्या आसपास प्रवास आहे, आणि पावसाळ्यात नाले भरले की भामरागड-एटापल्लीकडच्या माणसाला तोही जमत नाही. अशा वेळी ई-संजीवनीवरून तज्ज्ञाला चेहरा दाखवता येतो. पाहूनच बरेच निदान होत असल्याने त्वचारोग दूरच्या सल्ल्याला सोयीचे आहेत. प्रत्यक्ष जाणे आवश्यक ठरते ते खोल गाठी, पडू लागलेले खड्डे, बारा आठवडे नीट उपचार करूनही फरक नसणे, पाळीची गडबड, स्टेरॉइड क्रीमची सवय, किंवा बधिर चट्टा यांपैकी काहीही असले तर. अहेरीच्या आदिवासी विकास प्रकल्पाखालच्या आश्रमशाळांत ११ ते १८ वयाची मुले वर्षभर राहतात, म्हणजे मुरमांचे नेमके वय. तिथल्या अधीक्षक-अधीक्षिकांनी दर महिन्याच्या आरोग्य तपासणीत चेहराही पाहावा, मुलांनी आणलेल्या ट्यूब मागून घेऊन त्यांवरची नावे वाचावीत, आणि ज्यात बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिले असेल ती ट्यूब आणि ते मूल, दोघांनाही डॉक्टरकडे पाठवावे.